पाऊल, पादत्राण आणि पेडल

सकाळच्या फेरफटक्यासाठी एक बूट, लग्नकार्यासाठी दुसरे जोडे, घरात सपाता आणि बाजारहाटासाठी चप्पल, असा पादत्राणांचा विवेक आपण सर्वजण करीत असतो. मात्र पावलाच्या किंचित हालचालीवर ज्या कामात आपला आणि इतरांचा जीव अवलंबून असतो, त्या मोटार चालविण्याच्या कामासाठी पादत्राण विचारपूर्वक निवडावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पायात त्या वेळी जे असेल, ते घेऊनच आपण गाडीत बसतो.

मोटारशर्यतीच्या क्षेत्रात मात्र या निवडीचे एक छोटेसे शास्त्रच तयार झाले आहे. प्रस्तुत लेखात प्रथम शर्यतीच्या व ट्रॅकवरील वाहनचालनाच्या बुटांची निवड कशी करावी ते सांगून, त्यामागील तत्त्व आपल्या दवाखान्यातील टेबलापर्यंत कसे येऊन पोहोचते, याचा विचार करावयाचा आहे. विषय काहींना केवळ हौसेचा वाटेल. परंतु मधुमेही रुग्णाचे पाऊल तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचा आणि घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येक कुटुंबाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे, असे मला वाटते.

शर्यतीच्या बुटाची कुळकथा

इटलीतील सिसिली बेटावर टार्गा फ्लोरिओ नावाची जुनी शर्यत डोंगरातील वळणावळणाच्या सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. त्या परिसरातील चेफालू गावचा चर्मकार फ्रान्चेस्को लिबेर्तो याने १९६० च्या दशकात शर्यतपटूंसाठी मऊ चामड्याचे, पातळ तळाचे, हलके बूट शिवण्यास सुरुवात केली. त्याच दशकात, १९६३ साली, विजेव्हानो या बूट बनविणाऱ्यांच्या गावी जानी मोस्तिले याने रबराच्या लहान लहान गुठळ्या तळाला बसविलेला मोटारचालकांचा जोडा तयार केला. या गुठळ्या तळाबरोबर टाचेच्या मागील बाजूवरही चढविलेल्या असतात. कारण उघड आहे. चालताना जोडा तळाला झिजतो, तर गाडी चालविताना तो टाचेच्या मागे झिजतो.

पुढे यात आगीपासून संरक्षणाची भर पडली. नोमेक्स हा धागा वितळत नाही व सहज पेटही घेत नाही, म्हणून शर्यतपटूंचे कपडे, मोजे व बुटांचे अस्तर त्यापासून बनू लागले. आज आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, यासाठी स्वतंत्र मानक आहे. जुने मानक ८८५६-२००० या क्रमांकाचे होते, तर नवे ८८५६-२०१८ या क्रमांकाचे आहे. बुटावर शिवलेल्या पट्टीवर हा क्रमांक असतो. केवळ 'रेसिंग' असे नाव छापलेला बाजारातील बूट आणि हे मानक पाळणारा बूट यांत महदंतर आहे, हे खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आपल्याकडील निमित्त

हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूर येथील ट्रॅक जुने आहेत. २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत झाली. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा झाल्या आहेत. आणि आपल्या मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे, २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन झाले. तो शर्यतीचा नसून चाचणीचा ट्रॅक आहे. तरी एवढा मोठा ट्रॅक बऱ्हाणपूरहून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येईल इतक्या अंतरावर आहे, याचे आपल्या तरुण मंडळींना स्वाभाविकच आकर्षण वाटते. पुण्या-मुंबईला शिकणारी आपली मुले सुट्टीच्या दिवशी कार्टिंगला जातात आणि घरी आल्यावर 'बूट कोणते घ्यावेत' असे विचारतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी पाऊल पेडलवर नेमके काय करते, ते पाहिले पाहिजे.

पाऊल पेडलवर काय करते

चालताना पाऊल शरीराचा भार वाहते. गाडी चालविताना भार आसनावर असतो आणि पाऊल एका मोजमापाच्या यंत्राचे काम करते. टाच गाडीच्या फरशीवर टेकलेली असते आणि तिच्याभोवती चवडा वरखाली व डावीकडे-उजवीकडे फिरतो. टाच ही तरफेचा टेकू, घोट्याचा सांधा ही बिजागरी आणि पोटरीचे व नडगीपुढचे स्नायू ही ताकद, अशी ही रचना आहे.

परंतु ताकदीइतकेच महत्त्व संवेदनेला आहे. ब्रेक किती दाबला गेला, हे चालक डोळ्यांनी पाहत नाही. त्याच्या तळव्याला ते कळते. तळव्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंप ओळखणारी वेगवेगळी ग्राहके असतात. केनेडी आणि इंग्लिस या संशोधकांनी २००२ मध्ये तळव्यातील अशा १०४ ग्राहकांचे गुणधर्म नोंदविले. शर्यतीच्या गाडीत ब्रेकचे पेडल फारसे खाली जात नाही. ते दगडासारखे कठीण असते आणि किती अंतर दाबले यापेक्षा किती जोर लावला यावर ब्रेकचे काम ठरते. चाके घसरू लागण्याच्या अगदी अलीकडच्या क्षणापर्यंत जोर लावायचा आणि तो क्षण जाणवताच किंचित सैल सोडायचा, हे कौशल्य तळव्याच्या संवेदनेवर उभे असते.

वळणापूर्वी गिअर खाली आणताना उजव्या पावलाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवून त्याच पावलाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकासा टोला द्यावयाचा, अशी एक प्रसिद्ध पद्धत आहे. एकाच पावलाने एकाच क्षणी दोन निरनिराळे जोर लावण्याचे हे काम आहे. कार्टमध्ये क्लच नसतो. डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे तेथे दोन्ही तळवे सारखेच जागे असावे लागतात.

ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात ५ मीटर पुढे जाते. जाड, मऊ तळामुळे पावलाला खबर मिळण्यास वा पावलाचा जोर पेडलपर्यंत पोहोचण्यास एवढासाच उशीर झाला, तरी त्याची किंमत किती, हे यावरून लक्षात यावे.

बूट निवडताना

वरील विवेचनातून निवडीचे नियम आपोआपच निघतात.

१. तळ पातळ, सपाट आणि जरासा कडक असावा. पळण्याच्या बुटातील स्पंजासारखी गादी धक्का शोषण्यासाठी असते. तीच गादी पेडलचा संदेशही शोषून घेते. रॉबिन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, पाऊल कोणत्या कोनात टेकले आहे याची जाणीव पळण्याच्या बुटांमुळे तरुण व वृद्ध दोघांमध्येही कमी होते.

२. टाच मागच्या बाजूला गोलाकार असावी, म्हणजे फरशीवर टेकवून पाऊल सहज फिरविता येते. चौकोनी, उंच टाच अडखळते.

३. चवड्याची रुंदी नेमकी असावी. तळाची कड बाहेर आलेला बूट एक पेडल दाबताना शेजारच्या पेडलला लागतो. येथे आपल्या लोकांची एक अडचण आहे. आयुष्यभर चप्पल वापरणाऱ्यांचा चवडा पसरट असतो आणि परदेशी शर्यतीचे बूट पुष्कळदा निमुळते असतात. लांबीचे माप जुळले तरी करंगळीवर दाब येत असल्यास तो बूट घेऊ नये. मुंग्या येणारे पाऊल ब्रेकला काय ओळखणार?

४. बूट पावलाला घट्ट बसावा, पण आवळू नये. आत पाऊल सरकत असेल तर सर्व गुण व्यर्थ. नाड्यांची टोके लोंबणार नाहीत, अशी सोय हवी. म्हणून नाडीवर वेल्क्रोची पट्टी असलेले बूट सोयीचे.

५. कार्टिंगसाठी घोटा झाकणारा बूटच घ्यावा. कार्टमध्ये पाय उघडे असतात आणि आंतरराष्ट्रीय नियमही घोट्याच्या संरक्षणाचा आग्रह धरतात.

६. बूट दुकानात उभे राहून पसंत करू नये. शक्य असल्यास चालकाच्या आसनावर बसून, तीनही पेडलांवर पाऊल फिरवून पाहावे.

७. हे बूट घालून रस्त्यावर वा चिखलात चालू नये. तळाला लागलेली माती आणि तेल पेडलवर घसरण निर्माण करते. ट्रॅकवर पोहोचल्यावर बदलावेत, उतरल्यावर काढावेत.

८. स्पर्धेत भाग घ्यावयाचा असल्यास एफआयए मानकाचे बूट आणि त्याच प्रकारचे मोजे यांना पर्याय नाही. कृत्रिम धाग्याचे साधे मोजे आगीत वितळून कातडीला चिकटतात. भाजलेले रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना हे निराळे सांगावयास नको.

हौस म्हणून एखाद्या दिवशी ट्रॅकवर जाणाऱ्याने तेथील आयोजकांचा नियम आधी विचारावा. बूट बंद असावा एवढीच अट असेल, तर महागड्या खरेदीची गरज नाही. पातळ सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट किंवा मॅटवरील कुस्तीसाठी पहिलवान वापरतात ते बूट उत्तम काम देतात. कुस्तीचा बूट पातळ तळाचा, घोट्यापर्यंत येणारा आणि पावलाला घट्ट बसणारा असतो. तो आगीपासून संरक्षण देत नाही, एवढे मात्र विसरू नये.

बुटाने पाऊल जखडून ठेवावे, पण प्रसंगी सोडावेही, याचे एक विलक्षण उदाहरण अलीकडचे आहे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजां या फ्रेंच चालकाची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. त्याचा डावा पाय आत अडकला होता. त्याने पाऊल बुटातून ओढून काढले, बूट तेथेच राहिला आणि आगीत अडकल्यापासून २७ सेकंदांत तो बाहेर पडला. त्याचे दोन्ही हात भाजले, पण जीव वाचला. संरक्षक वस्त्रांवर होणारा खर्च हा डामडौल नाही, हे पटविण्यासाठी एवढे पुरे आहे.

आपला रोजचा रस्ता

ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही आणि वाटेत गाय बसलेली नसते. आपला रस्ता त्याहून अवघड आहे. बऱ्हाणपूरहून इंदूरकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर असीरगडाजवळचा चढउतार, पुढे भेरूघाट आणि सिमरोलचा घाट. त्यातच केळी भरलेले ट्रक, पावसाळ्यातील निसरडे आणि धुके. अशा उतारावर ब्रेकवरचे पाऊल शर्यतपटूइतकेच जाणते असावयास हवे.

आपल्याकडे बहुतेक लोक चप्पल घालून गाडी चालवितात. चप्पल घातल्याबद्दल दंड होतो, अशी अफवा २०१९ मध्ये नवा मोटार कायदा लागू झाल्यावर पसरली होती. तत्कालीन परिवहन मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने त्याच वर्षी तिचे जाहीर खंडन केले. पण दंड नाही म्हणजे धोका नाही, असे होत नाही. मागून मोकळी असलेली चप्पल टाचेखालून सरकते, दुमडते आणि पेडलखाली अडकते. ओल्या तळव्याखाली ती फिरते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ९७ क्रमांकाचा नियम असा आहे की, नियंत्रणांचा योग्य वापर करण्यास अडथळा होईल असे कपडे वा पादत्राणे चालकाने घालू नयेत; आणि तिकडील मार्गदर्शनात तळ साधारण १० मिलीमीटरपेक्षा जाड नसावा, असे सांगितले जाते. कोल्हापुरी चपलेचा मला अभिमान आहे, पण तिची जागा मांडवात आहे. घाटात मागे पट्टा असलेली सँडल किंवा पातळ तळाचा बूट बरा. काढून ठेवलेली चप्पल चालकाच्या पायांपाशी न ठेवता मागच्या बाजूला ठेवावी. ती घरंगळत ब्रेकखाली जाऊ शकते.

दोन बुटांचा विरोध

आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर आयुष्यभर काम केले. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना नाहीशी झाल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमांनी ती जातात, हे त्यांनी जगाला दाखविले. वेल्लोर व करिगिरी येथील कामातून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, म्हणजे एमसीआरची, पादत्राणे प्रचारात आली. बधिर तळव्याच्या एकाच बिंदूवर येणारा दाब मऊ तळामुळे मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो आणि व्रण टळतो. आज आपण मधुमेही रुग्णांना हीच पादत्राणे लिहून देतो आणि ते योग्यच आहे.

परंतु यातील विरोध पाहा. दाब पसरविणे हा एमसीआर पादत्राणाचा गुण आहे. शर्यतीच्या बुटात तोच दोष ठरतो. शर्यतीचा बूट सांगतो की तळ पातळ हवा, म्हणजे पावलाला कळेल. मधुमेहाचे शास्त्र सांगते की तळ जाड व मऊ हवा, कारण पावलाला कळत नाही. आपण लिहून दिलेले पादत्राण घालून रुग्ण दवाखान्याबाहेर पडतो, ते थेट गाडीत वा ट्रकमध्ये बसण्यासाठी.

यावर 'गाडी चालविताना पातळ बूट घालावा' हे उत्तर चुकीचे आहे. ज्या तळव्याची संवेदना गेली आहे, त्याला पातळ तळ काहीही सांगू शकत नाही. उलट पेडलच्या कडेने त्याला जखम मात्र होईल. बूट हा निरोप्या आहे. निरोप ऐकणारा कानच बंद असेल तर निरोप्या बदलून उपयोग होत नाही. म्हणून येथे प्रश्न पादत्राणाचा राहत नाही, पावलाच्या तपासणीचा होतो.

या बाबतीत संशोधन झालेले आहे. फिलाडेल्फिया येथील मेयर आणि स्पीस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरोगी व्यक्तींचा ब्रेक दाबण्याचा सरासरी वेळ ०.५४९ सेकंद आणि मधुमेही न्यूरोपॅथी असलेल्या चालकांचा ०.७५७ सेकंद आढळला. फरक सुमारे ०.२ सेकंदाचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एवढ्या वेळात साडेचार मीटरहून अधिक पुढे जाते. रस्ता ओलांडणारे मूल आणि गाडीचे नाक यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

वाहन परवान्याच्या वेळी भरावयाच्या स्वयंघोषणेत हात वा पाय गमावला आहे काय, स्नायूंच्या ताकदीत दोष आहे काय, हे विचारलेले असते. तळव्याला स्पर्श कळतो काय, हा स्वतंत्र प्रश्न तेथे नाही. वैद्यकीय दाखल्यावर, म्हणजे फॉर्म १-अ वर, सही मात्र आपली असते. तेव्हा तो प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

डॉक्टरांनी काय करावे

प्रथम, प्रत्येक मधुमेही रुग्णाला 'आपण गाडी चालविता काय, कोणती आणि किती तास?' असे विचारावे व उत्तर कागदावर लिहावे. हा प्रश्न विचारण्यास दहा सेकंद लागतात.

दुसरे, पादत्राणे व मोजे उतरवून दोन्ही तळवे पाहावेत. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, घोट्याचा प्रतिक्षेप आणि अंगठा वर आहे की खाली हे डोळे मिटून ओळखण्याची चाचणी, एवढ्याने काम भागते. उजव्या पावलाकडे विशेष लक्ष द्यावे. स्वयंचलित गिअरची गाडी घेतल्याने डाव्या पायाची सुटका होते, उजव्याची होत नाही.

तिसरे, संवेदना शाबूत असल्यास दोन पादत्राणांचा सल्ला द्यावा: चालण्यासाठी मऊ, आणि गाडीसाठी बंद, नीट बसणारे, फार जाड तळाचे नसलेले. पायाला व्रण नाही ना, हे रोज रात्री आरशात पाहण्यास सांगावे.

चौथे, उजव्या पायावर प्लास्टर, चालण्याचा कडक बूट किंवा व्रणासाठी भार कमी करणारे पादत्राण असताना गाडी चालवू नये, हे औषधाच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. तोंडी सांगितलेले रुग्ण घरी पोहोचेपर्यंत विसरतो.

पाचवे, संवेदना पूर्ण गेली असल्यास वाहन न चालविण्याचा सल्ला द्यावाच लागतो. हाताने चालणारा ब्रेक व ॲक्सिलरेटर बसवून, परिवहन कार्यालयात तशी नोंद करून, गाडी चालविण्याचा मार्ग काहींना मोकळा असतो. त्याची माहिती द्यावी.

हा शेवटचा सल्ला देणे सोपे नाही. निवृत्त शिक्षकाला गाडी सोडा म्हणणे वेगळे आणि केळीच्या ट्रकवर ज्याचे घर चालते त्याला तसे म्हणणे वेगळे. त्याचा परवाना ही त्याची भाकरी आहे. असा चालक पायाला मुंग्या येत असल्याचे म्हणूनच डॉक्टरांपासून लपवितो, हे मी अनेकदा पाहिले आहे. यावर एकच उपाय मला दिसतो: तपासणी लवकर करणे. मधुमेहाचे निदान होताच पाऊल तपासले, साखर आटोक्यात ठेवली आणि दर वर्षी पुन्हा तपासले, तर अनेकांच्या बाबतीत तो कठोर शब्द उच्चारण्याची वेळ पुढे ढकलता येते, काहींच्या बाबतीत येतही नाही. चालकाला 'तुमची गाडी चालू राहावी म्हणून पाय तपासतो आहे' असे सांगितले, की तो आपण होऊन बूट काढतो.

सारांश

शर्यतपटू हजारो रुपये खर्च करून पातळ तळाचा बूट घेतो, कारण पेडलची बातमी पावलाला पोहोचणे त्याला महत्त्वाचे वाटते. आपणही ट्रॅकवर, घाटात वा गावातल्या गर्दीत गाडी चालविताना टाच स्थिर राहील, चवडा मोकळा फिरेल आणि तळव्याला कळेल, असेच पादत्राण निवडावे. आणि पांढरा कोट घालणाऱ्यांनी त्याही अगोदर, तळव्याला कळते आहे ना, याची खात्री करून घ्यावी. सभासद बंधुभगिनींनी येत्या आठवड्यात निदान दहा चालक रुग्णांचे तळवे तपासून पाहावेत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.